चिनी बंदरांतील कापड व चहा व्यापार (१८९५–१९३०)

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शांघाय, हानकौ, फूचौ, आमॉय, तिएन्त्सिन इत्यादी चिनी बंदरांतून चालणाऱ्या व्यापारात सुती माल ही सर्वांत मोठी आयात होती, तर चहा ही उतरती कळा लागलेली जुनी निर्यात होती. या दोन्ही मालांचे भाव बंदरात ठरत असले, तरी ते ठरविणारी कारणे बहुतांशी बंदराबाहेरची होती. चांदीचा जागतिक भाव, परदेशांतील जकात धोरणे, देशी पेढ्यांची पत आणि राजकीय घडामोडी यांचा त्यांत मोठा वाटा होता. या काळात चहाने आपल्या परदेशी बाजारपेठा गमावल्या. सुताच्या बाबतीत मात्र आयात मालाची जागा हळूहळू चीनमधील गिरण्यांनी घेतली. मुंबईच्या सूतगिरण्यांचा मोठा ग्राहक चीन असल्याने या बाजारातील चढउतारांचा मुंबईच्या औद्योगिक इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

पार्श्वभूमी

पहिल्या अफू युद्धापूर्वी परदेशी व्यापाऱ्यांना केवळ कँटन (क्वांगचौ) येथे व्यापाराची मुभा होती. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने कँटन, आमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय ही पाच बंदरे खुली झाली. १८५८ व १८६० च्या तहांनंतर उत्तरेकडील तिएन्त्सिन व न्यूच्वांग आणि यांगत्से नदीवरील हानकौ (सध्याच्या वूहान शहराचा भाग) यांची त्यांत भर पडली. अशा बंदरांना तह-बंदरे म्हणतात.

तहांनुसार आयात मालावर मूल्याच्या सुमारे ५ टक्के एवढीच जकात घेता येई व ती वाढविण्याचा अधिकार चीनला नव्हता. जकातवसुली परदेशी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील सागरी जकात खात्याकडे होती. सर रॉबर्ट हार्ट हे १८६३ पासून १९११ मध्ये निधन होईपर्यंत या खात्याचे प्रमुख होते. देशांतर्गत वाहतुकीवर ‘लीजिन’ नावाचा नाकेकर ठिकठिकाणी द्यावा लागे. आयात मालाला जकातीच्या निम्मी रक्कम एकरकमी भरून या करातून सूट मिळे. देशी व्यापाऱ्याच्या मालाला मात्र वाटेतील प्रत्येक नाक्यावर कर पडे.

१८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने परदेशीयांना तह-बंदरांत कारखाने काढण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर अल्पावधीतच शांघायमध्ये ब्रिटिश, अमेरिकन व जर्मन भांडवलाच्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या. १९०१ च्या बॉक्सर करारान्वये चीनवर ४५ कोटी टेल नुकसानभरपाई लादण्यात आली. तिच्या फेडीसाठी जकातीचे उत्पन्न तारण राहिल्याने उद्योगांना संरक्षण देण्यासाठी जकातीचा उपयोग करणे अधिकच अशक्य झाले.

बाजाराची रचना

परदेशी पेढ्यांचा चिनी ग्राहकाशी थेट संबंध क्वचितच येई. त्यांचा व्यवहार ‘कॉम्प्रेडर’ या चिनी मध्यस्थामार्फत चाले. हा मध्यस्थ पेढीच्या चिनी नोकरवर्गाचा प्रमुख असे. तो देशी व्यापाऱ्यांची पत पारखून त्यांच्या देण्याची हमी देई व त्याबद्दल दलाली घेई. चिनी व्यापारी आपापल्या प्रांतानुसार किंवा धंद्यानुसार संघांत संघटित होते. वजने, मुदती व वादनिवारण यांचे नियम हे संघच ठरवीत.

व्यापाराला लागणारे भांडवल देशी सराफी पेढ्या पुरवीत. शांघायमध्ये त्यांच्या पाच ते दहा दिवसांच्या मुदतीच्या हुंड्या परदेशी पेढ्याही मालाच्या किमतीपोटी स्वीकारत. या देशी पेढ्या स्वतः परदेशी बँकांकडून अल्प मुदतीची, मागताक्षणी परत करावयाची कर्जे घेत. त्यामुळे परदेशी बँकांनी हात आखडता घेतला की काही दिवसांतच कापड बाजारातील उचल थांबे.

कापडाची विक्री करारावर किंवा जाहीर लिलावाने होई. शांघायमधील काही परदेशी पेढ्या ठरलेल्या वारी कापडाचे लिलाव करीत व तेथील भाव बाजाराला मार्गदर्शक ठरत. कापडावरील छापाला (‘चॉप’) मोठे महत्त्व होते. अंतर्भागातील ग्राहक कापडाची पारख त्यावरील चित्रावरून करीत. ओळखीच्या छापाच्या मालाला त्याच प्रतीच्या अनोळखी मालापेक्षा अधिक भाव मिळे.

चांदी व विनिमय दर

चीन हा चांदीचे चलन वापरणारा देश होता. जकातीचा हिशेब ‘हायकवान टेल’मध्ये होई. टेल हे नाणे नसून सुमारे ३७.८ ग्रॅम चांदीचे हिशेबी वजन होते. प्रत्यक्ष व्यवहारात शांघायचा स्थानिक टेल, मेक्सिकन चांदीचे डॉलर व किरकोळ खरेदीसाठी तांब्याची नाणी चालत. ब्रिटन व अमेरिका सुवर्णचलन वापरत असल्याने चांदी उतरली की आयात कापड महाग होई व चिनी निर्यात परदेशात स्वस्त पडे. चांदी चढली की याच्या उलट घडे.

१८७० च्या दशकाच्या प्रारंभी एका हायकवान टेलला ६ शिलिंगांहून अधिक मिळत. १९०२ मध्ये हा दर सुमारे २ शिलिंग ७ पेन्सपर्यंत खाली आला. पहिल्या महायुद्धात चांदीची मागणी वाढली आणि १९२० मध्ये सरासरी दर पुन्हा ६ शिलिंगांच्या वर गेला. चढ्या दराच्या भरवशावर चिनी व्यापाऱ्यांनी कापडाच्या मोठ्या मागण्या नोंदविल्या होत्या. माल येईपर्यंत चांदी कोसळल्याने त्याची किंमत टेलमध्ये कितीतरी वाढली. अनेकांनी माल उचलण्यास नकार दिला आणि १९२०–२१ मध्ये बंदरांतील वखारी न उचललेल्या कापडाने भरून गेल्या.

ग्रामीण ग्राहकाच्या खरेदीवर तांब्याच्या नाण्यांच्या किमतीचाही परिणाम होई. १९०० नंतर प्रांतिक टांकसाळींनी हलक्या तांब्याची नाणी अमर्याद पाडल्याने त्यांची चांदीतील किंमत घसरली. शेतकऱ्याची मिळकत तांब्यात व कापडाचा घाऊक भाव चांदीत असल्याने त्याची क्रयशक्ती कमी झाली.

सुती कापड

कोरे व धुतलेले मांजरपाट आणि छापील कापड मुख्यतः लँकेशायरहून येई. जाड, टिकाऊ अमेरिकन ड्रिल व चादरीच्या कापडाला थंड हवेच्या उत्तर चीनमध्ये व मँचुरियात मागणी होती. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धाच्या काळात मागणीच्या अपेक्षेने बेसुमार माल मागविण्यात आला आणि १९०५ मध्ये अमेरिकन कापडाची आयात शिखरास पोहोचली. युद्धानंतर अपेक्षित उठाव न झाल्याने बाजारात दीर्घ मंदी आली. त्यानंतर मँचुरियात रेल्वे, बँका व व्यापारी कंपन्या यांच्या पाठबळावर जपानी कापडाने अमेरिकन मालाला मागे सारले.

चिनी हातमाग या स्पर्धेत नष्ट झाले नाहीत. विणकरांनी हाताने कातलेल्या सुताऐवजी गिरणीचे सूत वापरण्यास सुरुवात केली. प्रारंभी केवळ ताणा गिरणीच्या सुताचा व बाणा घरच्या सुताचा असे. त्यामुळे हातकताईचा ऱ्हास झाला, परंतु विणकाम टिकले. हबेई प्रांतातील गावयांग व यांगत्सेच्या मुखाजवळील नानतुंग ही अशा विणकामाची प्रसिद्ध केंद्रे होत.

मुंबईचे सूत

चिनी हातमागांना लागणारे १० ते २० नंबरचे जाडेभरडे सूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रामुख्याने मुंबईहून जाई. हाँगकाँग व शांघाय येथील बगदादी ज्यू आणि पारशी पेढ्या हा व्यापार सांभाळीत. त्यांत ससून घराण्याच्या पेढ्या अग्रगण्य होत्या. १८९९ मध्ये चीनमध्ये सुमारे २७ लाख पिकल (१ पिकल = सुमारे ६०.५ किलोग्रॅम) सूत आयात झाले व त्यातील बहुतांश भारतीय होते.

या व्यापाराला तीन बाजूंनी धक्का बसला. पहिला चलनाचा होता. १८९३ मध्ये भारतातील टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडीसाठी बंद करण्यात आल्या. रुपयाचा चांदीशी असलेला संबंध तुटून त्याचा दर पुढे १ शिलिंग ४ पेन्सला स्थिर झाला. परिणामी चांदीत किंमत मोजणाऱ्या चिनी ग्राहकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले. दुसरा धक्का जपानी स्पर्धेचा होता. जपानने १८९४ मध्ये सुतावरील निर्यात कर व १८९६ मध्ये कापसावरील आयात कर रद्द केला. १८९३ मध्ये जमशेदजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन काइशा या कंपनीने मुंबई–कोबे जहाजसेवा सुरू केली होती. तिच्यामुळे भारतीय कापूस जपानी गिरण्यांना स्वस्त वाहतुकीने मिळू लागला आणि त्याच कापसाचे सूत चीनमध्ये मुंबईच्या सुताशी स्पर्धा करू लागले. तिसरा धक्का खुद्द चीनमधील गिरण्यांच्या वाढीचा होता.

१९०० मध्ये बॉक्सर उठावामुळे उत्तर चीनचा बाजार ठप्प झाला. त्याच सुमारास मुंबई इलाखा प्लेग व दुष्काळाने ग्रासलेला होता. चीनमध्ये सुताच्या गासड्या पडून राहिल्याने मुंबईतील अनेक गिरण्यांना काम कमी करावे लागले. त्याची झळ मोठ्या संख्येने कोकणातून आलेल्या कामगारांना बसली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी सूत विकण्यापेक्षा स्वतः कापड विणण्यावर भर दिला व माग वाढविले. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीचे या बदलाला साहाय्य झाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चीनमधील सुताच्या आयातीत जपानने भारताला मागे टाकले.

चीनमधील गिरण्या

ली हुंगचांग यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली शांघाय येथील पहिली मोठी कापडगिरणी १८९० मध्ये सुरू झाली, परंतु १८९३ मध्ये ती आगीत भस्मसात झाली. १८९९ मध्ये उद्योजक व विद्वान चांग ज्येन यांनी नानतुंग येथे दाशेंग गिरणी सुरू केली. जवळचा कापूस व जवळचेच विणकर असा तिचा दुहेरी आधार होता. महायुद्धात युरोपीय मालाची आवक घटल्याने चिनी गिरण्यांना भरभराटीचा काळ लाभला. वूशी येथील युंग बंधूंच्या शेनशिन गिरण्यांचा विस्तार याच काळातील आहे. मात्र १९२० च्या दशकात जपानी कंपन्यांनी शांघाय व छिंगताव येथे मोठ्या गिरण्या उभारल्या व चिनी गिरण्यांपुढे नवे आव्हान निर्माण झाले.

चहा

१८८६ मध्ये चीनची चहा निर्यात सुमारे २२ लाख पिकल या उच्चांकाला पोहोचली होती. १९०० मध्ये ती सुमारे १४ लाख पिकलांवर आली आणि १९२० मध्ये जेमतेम ३ लाख पिकल उरली.

हानकौ : हूबेई, हूनान व ज्यांगशी प्रांतांतील काळ्या चहाची ही प्रमुख पेठ होती. मे महिन्यात पहिल्या खुडणीचा चहा येई, तेव्हा चव पारखणारे तज्ज्ञ व खरेदीदार येथे जमत. येथील मुख्य ग्राहक रशियन होते. चहाची भुकटी व जाड पाने वाफवून यंत्राने दाबलेला ‘विटांचा चहा’ ते आपल्या कारखान्यांत तयार करीत. हा चहा पूर्वी तिएन्त्सिन, कालगान व क्याख्ता या मार्गाने उंटांच्या तांड्यांवरून सायबेरियात जाई. पुढे तो समुद्रमार्गे व्लादिवोस्तोक येथे व तेथून रेल्वेने जाऊ लागला. १९१७ च्या रशियन राज्यक्रांतीनंतर ही मागणी एकाएकी थांबली.

फूचौ व आमॉय : वेगवान शिडाच्या जहाजांच्या काळात फूचौ हे चहाचे वैभवशाली बंदर होते. १८६६ ची लंडनपर्यंतची प्रसिद्ध जहाजशर्यत येथूनच सुरू झाली होती. ब्रिटिश ग्राहक भारतीय चहाकडे वळल्यावर या बंदराचे महत्त्व ओसरले. आमॉय येथून तैवानचा ऊलाँग चहा अमेरिकेस जाई. १८९५ मध्ये तैवान जपानकडे गेले आणि पुढे हा चहा कीलुंग बंदरातून थेट रवाना होऊ लागला.

शांघाय : येथून मुख्यतः हिरवा चहा अमेरिका व उत्तर आफ्रिकेस जाई. पाने आकर्षक दिसावीत म्हणून त्यांना प्रशियन निळा रंग व जिप्सम लावण्याची प्रथा होती. अमेरिकेने १८९७ च्या कायद्याने चहाची तपासणी सक्तीची केली व १९११ पासून कृत्रिम रंगाच्या चहावर बंदी घातली.

अवनतीची कारणे

चिनी चहा लहान शेतकरी आपल्या डोंगरउतारावरील तुकड्यांत पिकवीत. खुडलेली पाने गावचा दलाल, प्रक्रिया करणारा व्यापारी व बंदरातील अडत्या अशा अनेक हातांतून जात. प्रत्येक टप्प्यावर नफा व कर वाढे, पण प्रतीची जबाबदारी कोणाचीच नसे. नमुना एक व प्रत्यक्ष माल दुसरा, अशा तक्रारी वारंवार होत. आसाम व सिलोन येथील मळ्यांत लागवड, यंत्राने पाने वळणे व वाळवणे ही सर्व कामे एकाच व्यवस्थापनाखाली होत. त्यामुळे माल एकसारखा मिळे. तथापि मळ्यांच्या या स्वस्ताईमागे करारबद्ध मजुरांचे कष्टप्रद जीवन होते.

या स्पर्धेचा अभ्यास करण्यासाठी १९०५ मध्ये चंग शिहुआंग यांच्या नेतृत्वाखाली एक चिनी शिष्टमंडळ भारत व सिलोनला गेले. १९१५ मध्ये आन्हुई प्रांतातील छीमन येथे शासकीय चहा प्रयोगक्षेत्र स्थापन झाले आणि १९१९ मध्ये चहावरील निर्यात कर माफ करण्यात आला. परंतु १९१९ मध्येच ब्रिटनने साम्राज्यातील चहाला आयात करात एक षष्ठांश सवलत दिल्याने लंडनच्या बाजारात चिनी चहाची अडचण वाढली.

राजकीय घडामोडी व बहिष्कार

अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्यांच्या निषेधार्थ १९०५ मध्ये शांघाय व कँटन येथे अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारण्यात आला. १९१० मध्ये रबर कंपन्यांच्या समभागांतील सट्टा कोसळून शांघायच्या अनेक देशी सराफी पेढ्या बुडाल्या. १९११ च्या क्रांतीची सुरुवात हानकौसमोरील वूचांग येथे झाली. पाठोपाठच्या लढाईत हानकौच्या चिनी वस्तीचा मोठा भाग जळाला व तेथील व्यवहार काही काळ बंद पडले. १९१९ च्या ४ मे चळवळीत जपानी मालावर बहिष्कार घालण्यात आला. १९२५ मध्ये शांघायमधील एका जपानी गिरणीत कामगार गोळीबारात ठार झाला व त्यातून ३० मेचे देशव्यापी आंदोलन उद्भवले.

परिणाम

चहाची मागणी घटल्याने डोंगराळ भागातील शेतकऱ्यांचे रोख उत्पन्न बुडाले व अनेक ठिकाणी चहाची झुडपे निगेविना पडली. बंदरातील व्यापारी दुसऱ्या मालाकडे वळू शकला, पण शेतकऱ्याला तशी सोय नव्हती. सुताच्या बाबतीत हातकताई करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचा जोडधंदा गेला, मात्र त्याच सुताने हातमागांना नवे बळ दिले व शांघायमध्ये मोठा कामगारवर्ग निर्माण झाला. १९२९ मध्ये नवे जकात दर लागू करून चीनने जकातविषयक स्वायत्तता परत मिळविली. त्यानंतर आयात सुती मालाचे महत्त्व आणखी घटले आणि तह-बंदरांच्या जुन्या व्यापारपद्धतीचा पाया ढासळू लागला.