शाळेचें दार आणि घरची मिळकत

प्रत्येक वर्गांत एखादें मूल असें असतेंच कीं, जें जागेवर बसत नाहीं आणि प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर देऊन मोकळें होतें. आपण त्याला वांड म्हणतों. वैद्यकशास्त्र आज या अवस्थेस 'ए. डी. एच. डी.', म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, असें म्हणतें. हें नांव रूढ होण्यास ऐंशींहून अधिक वर्षें लागलीं; आणि त्यानंतरहि त्याचा लाभ सर्व घरांना सारखा मिळाला नाहीं.

१९०२ सालीं लंडन येथें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं, बुद्धि शाबूत असूनहि स्वतःस आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. पण त्यांनीं तो नैतिक संयमाचा दोष मानला. १९३७ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं ३० मुलांना बेन्झेड्रीन हें उत्तेजक औषध दिलें, तेव्हां त्यांपैकीं १४ जणांचा अभ्यास विलक्षण सुधारला. दोष नीतीचा नसून प्रकृतीचा असावा, या विचारास त्यामुळें बळ आलें. परंतु हीं मुलें एका खास रुग्णालयांत होतीं, गांवच्या शाळेंत नव्हतीं.

शाळेचें दार उघडलें तें १९७५ च्या अमेरिकन कायद्यानें. अपंग मुलास योग्य शिक्षण फुकट, व शक्य तों इतर मुलांबरोबरच मिळावें, असें त्यानें ठरविलें. शिवाय अशा मुलांना शोधून काढण्याचा भारहि सरकारवरच टाकला. मात्र त्याच्या यादींत ही अवस्था नव्हती. ती 'इतर आरोग्यविषयक अडचण' या सदरांत बसूं शकते, हें शिक्षण खात्यानें १९९१ मध्यें परिपत्रक काढून स्पष्ट केलें.

आतां मिळकतीचा प्रश्न पाहूं. तपासणी, अर्ज, शाळेंतील बैठका यांना पैसा लागतो आणि वेळहि लागतो. रोजंदारीवरील बाप बैठकीस गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. आणि २०१६ मधील एका आढाव्याप्रमाणें गरीब घरांतील मुलांत ही अवस्था सुमारें दुप्पट आढळते! याचा अर्थ गरिबीच तिला जन्म देते, असा सरळ नाहीं. अनुवंशाचा वांटा मोठा आहे. न्यूयॉर्कमधील अशा मुलग्यांचा ३३ वर्षें मागोवा घेतला गेला. २०१२ च्या अहवालाप्रमाणें त्यांचें शिक्षण इतरांपेक्षां सुमारें अडीच वर्षांनीं कमी राहिलें, आणि मिळकतहि कमी. असा मुलगा पुढें बाप होतो, तेव्हां त्याच्या मुलास वारशानें चंचलता आणि तुटपुंजी मिळकत दोन्ही मिळण्याचा संभव असतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत ही अवस्था स्वतंत्रपणें नाहीं. पण दर पांच वर्षांनीं शाळेंतील मुलांची पाहणी करून दिव्यांग मुलें ओळखावींत, असें कलम त्यांत आहे. चंचल मुलांकडेहि ही पाहणी वळली पाहिजे. सधन पालक डॉक्टरांकडे आपण होऊन जातात. गरिबाच्या मुलाकडे शाळेनेंच गेलें पाहिजे. नाहीं तर दार उघडें असूनहि तें मूल वांड म्हणून बाहेरच राहील.