बियाण्यांची यादी कुणी करायची?

थंडीत बियाण्यांचा कॅटलॉग चाळून परसबाग आखायची, ही शहरी सवय. पुण्यातली पोचांची बियाण्यांची पेढी तर १८८४ सालची! धाराशिवच्या खेड्यांत मात्र ही यादी उतरंडीतच असे. वाल, घेवडा, गवार यांचे बी बायका राखेत घोळून गाडग्यात ठेवत. राख ओल शोषते, भुंगेऱ्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि कीड सुकून मरते. (वर्गात करून पाहण्याजोगे आहे.) पुढे संकरित वाण आले. त्यांचे घरी धरलेले बी दुसऱ्या वर्षी तसेच्या तसे उतरत नाही. गाडगी रिकामी झाली. काय पेरायचे ते बहुधा पुरुष दुकानात ठरवू लागले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच भागातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीच्या कामात उतरल्या. त्यांच्यासोबत असलेल्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे दुष्काळात एक एकर शेतीची कल्पना मांडली. घरच्या रानातला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा आणि त्यात ज्वारी, डाळी, भाज्या काय लावायच्या ते तिनेच ठरवायचे. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मला त्याहून मोठे वाटते ते हे मागणे. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर होता.