ओहोटीचा विषाद : मोडीत निघालेल्या एका निदानाची गोष्ट

मंडळी, आज ज्या निदानाबद्दल बोलायचंय ते आता कुठल्याच डॉक्टरच्या केसपेपरवर सापडणार नाही. इंग्रजी नाव 'इन्व्होल्युशनल मेलँकोलिया'. इन्व्होल्युशन म्हणजे शरीराची ओहोटी, म्हणून आपण त्याला ओहोटीचा विषाद म्हणू. बाईला चाळिशीनंतर, पुरुषाला पन्नाशीनंतर, आयुष्यात पहिल्यांदाच जडणारा आजार, अशी समजूत. माणूस येरझाऱ्या घालतो, माझ्या हातून पाप घडलं म्हणतो, घर भिकेला लागलं म्हणतो, आतडी सडली म्हणतो.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलीन यांनी 1896 साली आपल्या पाठ्यपुस्तकात याला स्वतंत्र आजार ठरवलं. आता गंमत बघा. 1907 साली ड्रायफस या डॉक्टरनं क्रेपेलीन यांच्याच हायडेलबर्गच्या जुन्या रुग्णांचा माग काढला. बरेच जण बरे झाले होते. आणि अनेकांना तरुणपणीही अशी उदासी येऊन गेली होती, फक्त कुणी ती विचारात घेतली नव्हती. क्रेपेलीन यांनी हे मान्य केलं आणि स्वतःचं निदान मागे घेतलं. एवढ्या मोठ्या माणसानं असं करणं दुर्मीळच!

तिथेच विषय संपायला हवा होता. पण 1930 च्या दशकात अमेरिकेत पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांना यासाठी इस्ट्रोजेन टोचलं जात होतं. तिथल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत 1952 ला हे निदान, 1968 ला पुन्हा. 1979 मध्ये मर्ना वाइसमन यांनी वेगवेगळ्या वयाच्या उदास स्त्रियांची तुलना केली. ओहोटीच्या वयाचा म्हणून वेगळा आजार दिसेना. 1980 च्या यादीतून नाव गेलं.

हे पिंपरीत कशाला सांगतोय? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे 1954 साली स्थापन झाली, पुढे टेल्को, बजाज आले. 1955 ला पंचविशीत कामाला लागलेला माणूस 1988 ला 58 वर्षांचा झाला. तोवर ते निदान पुस्तकातून गेलेलं. पण घरोघरी वाक्य काय? 'रिटायर झालेत, करमत नाही.' 'तिचं ते वयच आहे.' 'साठी बुद्धी नाठी.' त्या जुन्या डॉक्टरांचं चुकलं खरं, पण ते याला आजार तरी म्हणत होते, उपचार करत होते. 1938 नंतर विजेचे झटके आले तेव्हा हेच रुग्ण सर्वांत चांगले सुधारले. आपण आजार सोडला आणि वय तेवढं धरून ठेवलं.

ड्रायफसचा प्रश्न मात्र घरी जाऊन विचारण्यासारखा आहे: याआधी कधी असं झालं होतं का? मग बायको सांगते, धाकट्याच्या जन्माच्या वेळी हे दोन महिने बिनपगारी रजा टाकून गावी नुसते पडून होते. डॉक्टरांना हे सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊया.