गेमचे पैसे कोण देतं?

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला तळोद्याहून पुतण्याचा फोन आला. एवढ्या उशिरा गावाकडून फोन आला की आधी पोटात गोळाच येतो. पण तसं काही नव्हतं.

"काका, तुम्ही बाबांशी बोला ना."

पुतण्या यंदा बारावीला आहे. त्याला गेम तयार करायला शिकायचंय. नुसते खेळायचे नाहीत, तयार करायचे. त्याने यूट्यूबवर बघून दोन-तीन छोटे गेम केलेही आहेत. एकात तापीच्या पुरातून होडी वल्हवत न्यायची असते. मी खेळून बघितला, चौथ्या मिनिटाला बुडालो.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन लावला. त्याने विषय काढूच दिला नाही. "गेम हा शब्द या घरात नको. एकाचं वाटोळं झालं तेवढं पुरे आहे."

हा 'एक' कोण ते आमच्या नात्यातले वाचक ओळखतील, बाकीच्यांनी नाव विचारू नये. २०२३ साली मोबाइलवरच्या रमीत कापसाचे आलेले सगळे पैसे गेले. ते परत मिळवायला उसनवारी केली आणि ती फेडायला शेताचा एक तुकडा विकावा लागला. घरात कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यामुळे दादा चुकतोय असं मला म्हणता येईना. आणि पुतण्या चुकतोय असंही वाटेना.

घरातला मी एकटाच आयटीतला, त्यामुळे असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. मग विचार केला, आपल्याकडे या धंद्यात कुणी आयुष्य काढलंय, आणि ते कसं काढलंय, हे जरा नीट बघावं. आणि दादाला जे फोनवर सांगता आलं नाही ते इथे लिहावं. तो हा ब्लॉग वाचतो. कधी कबूल करत नाही, पण वाचतो.

माणूस निवडला तो मुंबईचा, विशाल गोंडल. १९९९ मध्ये त्याने इंडियागेम्स ही कंपनी काढली. तेव्हा तो विशीतला होता आणि शाळकरी वयापासून संगणकाशी खेळत आलेला होता.

१९९९ म्हणजे काय काळ होता ते आठवून बघा. व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन (१ जुलै १९९८) वर्ष झालं होतं. तळोद्यात आम्हाला व्हिडिओ गेम माहीत होता तो टीव्हीला जोडायच्या कॅसेटचा. एकाने घराच्या पुढच्या खोलीत तो लावून ठेवला होता. दोन रुपये द्यायचे आणि तो घड्याळ बघून "उठ आता" म्हणेपर्यंत खेळायचं. व्यवहार अगदी स्वच्छ होता. खेळणारा पैसे द्यायचा आणि खेळ मिळायचा.

संगणकावरच्या गेमचं तसं नव्हतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर परदेशी गेमच्या चोरट्या सीडी स्वस्तात मिळायच्या. ज्या देशात कोट्यवधींचा खर्च करून केलेला परदेशी गेम चहापाण्याच्या पैशात मिळतो, तिथे भारतीय पोरांनी केलेला गेम पूर्ण किंमत देऊन कोण घेणार? इंडियागेम्सने कारगिलवरचा 'योद्धा' हा संगणकावरचा युद्धाचा गेम काढून बघितला. पण अशा गेमवर कंपनी चालणं अवघड होतं.

मग पैसे कोण देणार? गोंडलच्या सगळ्या वाटचालीत मला हाच एक प्रश्न दिसतो. तो त्याने दर चार-पाच वर्षांनी नव्याने सोडवला.

पहिलं उत्तर जाहिरातदार. शीतपेयं वगैरे विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर पोरांनी थांबावं असं वाटायचं. त्यांच्यासाठी छोटे गेम करून द्यायचे. खेळणाऱ्याला फुकट, पैसे कंपनी देणार. अर्थात मग गेमही तसाच होणार, पाच मिनिटांचा आणि मध्ये बाटली दिसेल असा.

दुसरं उत्तर मोबाइल. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम आली, मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि बघता बघता रिक्षावाल्यापासून आडत्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात फोन आला. साध्या फोनवर साप होताच, थोड्या बऱ्या फोनवर जावाचे गेम चालायला लागले. इंडियागेम्सने इथे जोर लावला. क्रिकेटचे गेम आले, ब्रूस ली आला, स्पायडरमॅन आला. परदेशी नावांचे हक्क मिळवून त्यावर गेम करणारी ही भारतातली सुरुवातीची कंपनी.

हे काम वाटतं तेवढं मजेचं नव्हतं. तेव्हा प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, मेमरी वेगळी. एक गेम तयार झाला की तो शेकडो मॉडेलवर चालेल असा पुन्हापुन्हा बसवावा लागे. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला ऐकूनच घाम फुटेल! आणि एवढं करून तो विकायचा कुठे? तर मोबाइल कंपनीच्या पोर्टलवर. गिऱ्हाइकाचे पन्नास-शंभर रुपये त्याच्या बॅलन्समधून कापले जायचे आणि त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनी ठेवायची. गेम करणाऱ्याच्या हातात उरेल ते. आपल्याकडचा पपई-केळीवाला शेतकरी हे गणित लगेच ओळखेल. पिकवणारा एक, आणि भाव ठरवणारा दुसराच.

म्हणून या माणसाचं रोजचं काम गेम तयार करणं कमी आणि दारोदार फिरणं जास्त, असंच झालं असणार. हक्क देणाऱ्यांशी बोला, मोबाइल कंपन्यांशी बोला, गुंतवणूकदारांशी बोला. २००४-०५ च्या सुमारास चीनच्या टॉम ऑनलाइनने इंडियागेम्सचा मोठा हिस्सा घेतला. मग सिस्को आणि मॅक्रोमीडियासारख्या कंपन्यांचे पैसे आले. २००७ मध्ये टॉम ऑनलाइन बाहेर पडली आणि यूटीव्ही मालक झाली. २०१२ च्या सुरुवातीला डिस्नेने यूटीव्ही ताब्यात घेतली, आणि त्याच सुमारास इंडियागेम्सही डिस्नेच्या छत्राखाली गेली. मुंबईत काढलेली कंपनी बारा-तेरा वर्षांत बीजिंगमार्गे मिकी माउसच्या घरी पोचली.

गोंडल तिथे डिजिटल विभागाचा प्रमुख म्हणून काही काळ राहिला आणि २०१३ मध्ये बाहेर पडला. २०१४ मध्ये त्याने गोकी सुरू केली. मनगटाला पट्टा बांधायचा, पावलं मोजायची आणि पलीकडे एक खराखुरा माणूस तुम्हाला "आज चाललात का?" असं विचारणार. यात पट्ट्यापेक्षा त्या प्रशिक्षकाची वर्गणी महत्त्वाची. वरवर बघता गेमचा धंदा सोडून आरोग्याचा धरला असं वाटतं. पण रोजचं लक्ष्य, गुण, मित्रांशी चढाओढ, हे सगळं गेममधलंच की. फक्त या वेळी पैसे थेट वापरणाऱ्याने द्यायचे होते, मध्ये मोबाइल कंपनी नव्हती. इतक्या वर्षांनी उत्तर त्या दोन रुपयांच्या कॅसेटपाशी परत आलं म्हणायचं!

गेमने मात्र त्याला सोडलं नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली आणि दोनच दिवसांत 'फौजी' या गेमची घोषणा झाली. करणारी एनकोर गेम्स ही कंपनी, तिच्यामागे गोंडल, आणि चेहरा अक्षय कुमारचा. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. गलवानचा प्रसंग, आणि बंदुकीऐवजी हातघाईची लढाई. डाउनलोड प्रचंड झाले, पण पब्जीसारखं काही मिळेल म्हणून आलेली पोरं नाराज झाली. एकवीस वर्षांचा अनुभव, एवढी जाहिरात, एवढा मोठा नट. आणि तरीही खेळणाऱ्याने आपल्याला काय वाटलं ते दोन दिवसांत सांगून टाकलं. मला हे फार बरं वाटलं. या धंद्यात अजून खेळणाऱ्याला मत आहे.

ही एकाच माणसाची गोष्ट झाली. त्या पिढीत इतरांनी हाच प्रश्न वेगळा सोडवला. बेंगळुरूच्या राजेश राव यांनी १९९७ मध्ये ध्रुव इंटरॅक्टिव्ह काढली आणि परदेशी स्टुडिओंच्या गेमसाठी चित्रं, गाड्या, इमारती तयार करून देण्याचं काम धरलं. पैसे परदेशी स्टुडिओचे, गेमही त्यांचाच. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, तिथेही मालक फ्रेंच आणि हात आपले. मुंबईच्या नितीश मित्तरसैनने काढलेली नझारा डॉट कॉमच्या पडझडीत तग धरून राहिली आणि मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 'राजी'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी २०२० मध्ये गेम पूर्ण करून बाहेर आणला आणि जगभरात तो नावाजला गेला.

आता दादा, तुझ्यासाठी.

आपल्याकडे आखाजीला पत्ते कुटतात. आपल्या आजोबांनी कुटले, तू आणि मीही कुटलेत. झोपाळे, पुरणपोळी आणि पत्ते. चार पैसे इकडून तिकडे जायचे. आई ओरडायची, पण फार नाही, कारण सण संपला की डाव संपणार हे तिला माहीत होतं. समोर बसलेला माणूस ओळखीचा असायचा. फार हरायला लागलास तर तोच म्हणायचा, "उठ रे आता, घरी जा."

फोनवरच्या रमीत "उठ" म्हणणारं कुणी नव्हतं, कारण तिथले पैसे हरणाऱ्याच्या खिशातून यायचे. तो उठला की धंदा थांबला. म्हणून तो उठू नये अशीच सगळी रचना, बोनस, रात्री दोनला येणारे मेसेज. ती रोजची आखाजी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. आपल्या घराला तो दोन वर्षं उशिरा आला. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना उत्तेजन द्यायचंही म्हटलंय. म्हणजे सरकारलासुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात.

तुझ्या पोराला ज्या वाटेने जायचंय ती सोपी नाही. गोंडलच्या हाताशी मुंबई होती, जाहिरातदार लोकलच्या अंतरावर होते. तळोद्याहून नंदुरबारला जायला एसटीची वाट बघावी लागते. पुतण्याला बहुतेक आधी कुणाच्या तरी स्टुडिओत दुसऱ्याच्या गेममधली झाडं रंगवावी लागतील. कंपन्या विकल्या जातात, मालक बदलतात, काम बंद पडतं. हे सगळं मी त्याला सांगितलंय, काही लपवलं नाही.

आणि एक प्रश्न लिहून घ्यायला सांगितलाय. नोकरीला जाशील तिथे पहिल्या दिवशी विचार, इथे पैसे कोण देतं? जाहिरातदार देतो, परदेशी स्टुडिओ देतो, की गेम आवडलेला माणूस देतो? यातलं काहीही चालेल. हरणारा देत असेल तर त्याच दिवशी बॅग उचल आणि घरी ये. भाड्याचे पैसे काका देईल.

तो म्हणाला, "काका, मला ते तुम्ही सांगायच्या आधीच माहीत होतं. मी घरीच होतो ना तेव्हा."

यावर मला काही बोलता आलं नाही.

असो. दादा, आखाजीला येतोय. पत्ते काढून ठेव. आणि त्याआधी एकदा पोराचा तो होडीचा गेम खेळून बघ. फुकट आहे. बुडशील, पण फक्त गेममध्येच.