पेंटॅक्स के-१०००

जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीचा ३५ मिमी. फिल्मवर चालणारा एसएलआर कॅमेरा. तो १९७६ मध्ये बाजारात आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये आणि शेवटी चीनमध्ये. या काळात त्याचे तीस लाखांहून अधिक नग तयार झाले. कंपनीच्याच केएम या मॉडेलमधला सेल्फ-टायमर आणि क्षेत्रखोली आधी पाहण्याची सोय वगळून हा स्वस्त कॅमेरा काढण्यात आला होता. पुढे ऑटोफोकस सर्रास झाला, तरी छायाचित्रणाच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या हाती हाच कॅमेरा दिला जाई. त्याच्या टिकाऊ लोकप्रियतेचे मूळ या काटछाटीतच आहे: जे उरले ते सगळे वापरणाऱ्याला समजून घ्यावेच लागते.

त्याचे शटर कापडी पडद्याचे आणि पूर्णपणे यांत्रिक असून वेग १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत आहेत. बटणाएवढा सेल लागतो तो केवळ प्रकाशमापकासाठी. तो संपला तरी फोटो निघतो. मापकाला स्विच नाही, म्हणून काम झाले की लेन्सला झाकण लावायचे. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या बाजूला एक काटा दिसतो. वरची शटरची चकती किंवा लेन्सवरची ॲपर्चरची कडी फिरवली की तो वर-खाली होतो आणि मध्यावर आला की एक्स्पोजर जुळते. शटर १/१२५ वरून १/२५० वर नेले की काटा खाली येतो, ॲपर्चर एक घर उघडले की पुन्हा मध्यावर. वेग आणि छिद्र यांचे नाते असे डोळ्यांसमोर उलगडते.

शिकण्यासाठी हाच कॅमेरा उत्तम, या मतावर आक्षेप आहेत. निकॉन एफएम-२ हाही यांत्रिकच, शिवाय त्याचे शटर १/४००० सेकंदापर्यंत जाते. हे खरे आहे; पण के-१००० ची थोरवी क्षमतेत नव्हे, परवडण्यात आणि सुबोधतेत होती. डिजिटल कॅमेऱ्यात चूक तत्काळ दिसते, फिल्मचा खर्चही वाचतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तिथे मॅन्युअल हा अनेक पर्यायांपैकी एक असतो आणि अडले की ऑटोवर जाता येते. इथे ती पळवाट नाही. छत्तीस फोटोंच्या रोलमुळे बटण दाबण्यापूर्वी विचार करावाच लागतो. हे सारे स्मरणरंजन आहे, असेही म्हणतात. पण उत्पादन थांबल्यानंतर जन्मलेली मुलेही हा कॅमेरा शोधतात, तेव्हा ते कारण अपुरे पडते. शिवाय या कॅमेऱ्याच्या, १९७५ मध्ये आलेल्या के-माउंट जोडणीच्या जुन्या लेन्स पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवरही बसतात.

जुना नग घेताना मागच्या दाराचा फोम चिकट झाला आहे का, मंद वेग अडखळतात का आणि काटा हलतो का, हे तपासावे. हे ठीक असेल, तर छायाचित्रण मुळापासून शिकू पाहणाऱ्याला आजही याहून चांगला फिल्म कॅमेरा सुचवणे अवघड आहे.