आठवण आणि इतिहास



शिवाजी पेठेत उभे राहून शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा विषय काढणे म्हणजे निखाऱ्यावर हात ठेवणे आहे, हे मी जाणतो. शासकीय जयंती १९ फेब्रुवारीस होते. परंपरेची जयंती कोल्हापुरात आजही वैशाखात होते. दोन्ही वेळा भगवे लागतात, पोवाडे होतात, पाळणा म्हटला जातो. भक्ती दोन्हीकडे सारखीच. परंतु मनुष्य दोनदा जन्मत नाही. मग एक तिथी चुकली कशी? कोणी जाणूनबुजून खोटे लिहिले काय? मला तसे मानण्याची गरज वाटत नाही. माणसाच्या स्मरणाचा जो धर्म आहे, तोच या चुकीचा उलगडा करण्यास पुरेसा आहे.

आधी हकीकत पाहू. उत्तरकालीन बखरींत जन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ सालचा दिला आहे. पिढ्यान्‌पिढ्या तोच मानला गेला. पुढे भोरकडील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. महाराजांच्या पदरच्या परमानंद कवीचे ‘शिवभारत’ १९२७ साली छापले गेले. त्यातही तीच तिथी. गंमत अशी की, जुन्या तिथीप्रमाणे त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला तोही १९२७ सालीच! दोन तिथींत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर आहे.

आता स्मरणाकडे वळू. आपली समजूत अशी की, आठवण म्हणजे पेटीत घडी करून ठेवलेला कागद. पेटी उघडली की जसाच्या तसा हाती यावा. वस्तुस्थिती तशी नाही. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून ती किती वेळाने किती विसरतात, हे त्याने मोजले. तासाभरातच निम्म्याहून अधिक गळती होते आणि पुढे ती मंदावते, असे त्याला आढळले. पण नुसती गळती असती तर बरे होते! केंब्रिजच्या बार्टलेट यांनी १९३२ सालच्या ग्रंथात दाखवले की, गळलेली जागा मन रिकामी ठेवत नाही. त्यांनी इंग्रज मंडळींना अमेरिकेतील आदिवासींची एक कथा वाचावयास दिली आणि पुनःपुन्हा सांगावयास लावली. सांगता सांगता अनोळखी डोंग्यांच्या साध्या होड्या झाल्या, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली, विचित्र भाग वगळला गेला. सांगणारा खोटे बोलत नव्हता. तो आपल्या नकळत आठवण नव्याने बांधत होता.

शिवाय सगळ्या आठवणी एका जातीच्या नसतात. आपल्या तालमीतला वृद्ध पैलवान पाहा. खासबागेतली अमुक कुस्ती कोणत्या साली झाली, हे तो विसरेल. पण डाव दाखवा म्हणताच हात आपोआप पकड घेईल. प्रसंग, तारीख आणि अंगात मुरलेली कसब यांचे मनातले मार्ग निराळे. त्यांत तारीख सर्वांत दुबळी, कारण तिला ना रंग, ना रूप.

हे ध्यानी ठेवून सभासदाची बखर वाचा. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या काळातला मनुष्य. राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजीस त्याने लिहिले, तेव्हा महाराजांच्या निधनास वीस वर्षेही झाली नव्हती. अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग कसा जिवंत उभा राहतो! परंतु काळाच्या अनुक्रमासाठी इतिहासकारास त्या बखरीवर विसंबता येत नाही. प्रत्यक्ष काळ पाहिलेल्याची ही गत, तर शेदीडशे वर्षांनी लिहिणाऱ्या बखरकाराला दोष काय द्यावा?

मग स्मरण टाकाऊ काय? मुळीच नाही. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांची कुंपणे घालून अक्षर न् अक्षर राखले. म्हणजे स्मरणाला पडताळा दिला की ते टिकते. पडताळ्यावाचून ते वाढते, सजते आणि सरकते. शाहिराने वीरश्री राखावी, दप्तराने तिथी राखावी. एकाचे काम दुसऱ्यावर लादले की भांडण उभे राहते.

हे केवळ तीनशे वर्षांपूर्वीचे नाही. पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. आज एकाच घरात विचारा, कोणत्या साली पाणी कोणत्या पायरीला लागले? बाप एक सांगेल, लेक दुसरे, आणि दोघेही शपथेवर! ज्याने त्याच दिवशी भिंतीवर रेघ मारून खाली तारीख घातली, त्याच्याच घरी वाद नाही. आणि पुढच्या पुरात सामान किती उंच ठेवावे, हे ती रेघच सांगणार आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरी वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून जुन्या गोष्टी ऐका. ऐकाल त्या लिहून ठेवा, आणि कोणी सांगितले, कधी सांगितले, तेही खाली लिहा. कारी गावच्या त्या घराने कागद जपले, म्हणून महाराष्ट्राला आपल्या राजाची जन्मतिथी सापडली. तुमच्या माळ्यावरच्या रुमालात काय बांधलेले आहे, ते एकदा सोडून पाहा.