वाहनचालकांचा चष्मा

वाहनचालकांचा चष्मा म्हणजे वाहन चालवताना दूरचे स्पष्ट दिसावे व डोळे दिपू नयेत, यासाठी वापरला जाणारा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा चष्मा (गॉगल). बहुतेक चालक रोजच्या वापराचाच चष्मा गाडी चालवतानाही लावतात. मात्र वाहन चालवताना नजर सतत दूरचा रस्ता, आरसे व डॅशबोर्ड यांवर फिरत असते आणि प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो. त्यामुळे भिंगाची गडदता, रंग, लेप आणि फ्रेमचा आकार यांची निवड रस्ता सुरक्षेशी निगडित ठरते.

दृष्टीची आवश्यकता

भारतात अनुज्ञप्तीसाठी (लायसन्स) भरावयाच्या शारीरिक पात्रतेच्या स्वयंघोषणापत्रात, म्हणजे नमुना १ मध्ये, भरपूर उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी ओळखता येते का, हा प्रश्न असतो. ही पाटी चष्मा लावून ओळखलेली चालते. तांबडा व हिरवा रंग सहज ओळखता येतो का आणि रातांधळेपणा आहे का, हेही त्यात विचारले जाते. ब्रिटनमध्ये पाटी वाचण्याचे हे अंतर २० मीटर आहे. युरोपीय संघातील देशांत चष्म्याची सक्ती असलेल्या चालकाच्या परवान्यावर ०१ हा संकेतांक छापला जातो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. म्हणजेच २५ मीटर अंतर दीड सेकंदात संपते. ऱ्हस्वदृष्टीचा अल्प नंबर दिवसा जाणवत नसला, तरी अंधारात बाहुली मोठी झाल्यावर तोच दोष वाढल्यासारखा वाटतो. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलये किंवा रेषा दिसत असल्यास त्यामागे सिलिंड्रिकल नंबर, जुना झालेला नंबर किंवा मोतीबिंदू असू शकतो. अशा वेळी चष्मा बदलण्यापूर्वी नेत्रतपासणी आवश्यक असते.

नंबरची भिंगे

चाळिशी लागल्यानंतर जवळच्या व दूरच्या दृष्टीसाठी वेगवेगळा नंबर लागतो. केवळ वाचनाचा चष्मा लावून वाहन चालवल्यास दूरचे धूसर दिसते. बायफोकल भिंगात दूरचा व जवळचा असे दोनच भाग असल्याने साधारण ६० ते ७० सेंटिमीटरवरील डॅशबोर्ड कोणत्याच भागातून पुरेसा स्पष्ट दिसत नाही, अशी अडचण काहींना येते. प्रोग्रेसिव्ह भिंगात नंबर वरून खाली क्रमाने बदलतो व मधल्या अंतराचीही सोय होते. परंतु त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडांना प्रतिमा विकृत दिसते. त्यामुळे बाजूचा आरसा पाहताना नुसते डोळे न फिरवता मान वळवण्याची सवय करावी लागते.

सीआर-३९ या प्लास्टिकची भिंगे स्वस्त असून त्यांतून प्रतिमा स्वच्छ दिसते. पॉलिकार्बोनेटची भिंगे आघात अधिक सोसतात, त्यामुळे दुचाकीस्वारांना ती उपयुक्त ठरतात. मात्र त्यांच्या कडेला रंगांची किनार दिसू शकते आणि त्यांवर ओरखडे लवकर पडतात. लेप नसलेल्या साध्या भिंगाच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो. परावर्तनरोधी लेपामुळे (एआर कोटिंग) हे प्रमाण बरेच कमी होते व मागून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांची प्रतिबिंबे भिंगात कमी उमटतात. रात्रीच्या वापरासाठी हा लेप विशेष उपयोगी आहे.

उन्हाच्या चष्म्याची वर्गवारी

आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भिंगातून पार होणाऱ्या दृश्य प्रकाशाच्या प्रमाणावरून पाच वर्ग केले जातात :

वर्ग ० : ८० टक्क्यांहून अधिक
वर्ग १ : ४३ ते ८० टक्के
वर्ग २ : १८ ते ४३ टक्के
वर्ग ३ : ८ ते १८ टक्के
वर्ग ४ : ३ ते ८ टक्के

वर्ग ४ ची भिंगे हिमाच्छादित पर्वतांसारख्या ठिकाणांसाठी असून ती लावून वाहन चालवणे निषिद्ध मानले जाते. दिवसा वाहन चालवण्यासाठी सामान्यतः वर्ग २ किंवा ३ निवडला जातो. ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश पार करणारे भिंग संधिप्रकाशात व रात्री वापरू नये. वाहनाच्या काचेमुळेही प्रकाश घटतो. समोरच्या काचेतून ७० टक्के व भिंगातून १५ टक्के प्रकाश पार होत असेल, तर डोळ्यांपर्यंत सुमारे १०.५ टक्केच पोहोचतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या बोगदे असलेल्या रस्त्यावर उन्हातून अचानक अंधारात शिरताना डोळ्यांना सरावण्यास वेळ लागतो, म्हणून बोगद्यापूर्वी गॉगल काढणे श्रेयस्कर असते.

गडदपणा व अतिनील किरणांपासूनचे संरक्षण या स्वतंत्र बाबी आहेत. अतिनील किरण न अडवणाऱ्या गडद काचेमागे बाहुली विस्फारते व ते किरण अधिक प्रमाणात डोळ्यांत शिरू शकतात. म्हणून ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारे (यूव्ही ४००) भिंग घ्यावे, असे सुचवले जाते.

रंग व विशेष भिंगे

करड्या भिंगातून रंग जवळजवळ मूळ स्वरूपात दिसतात, तर तपकिरी भिंगातून उठाव वाढतो. गडद निळ्या, गुलाबी किंवा तांबड्या भिंगांमुळे सिग्नलचे व ब्रेकचे दिवे ओळखण्यात गफलत होऊ शकते.

पोलराइज्ड भिंगे : ओला रस्ता, पाणी वा बॉनेट यांवरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेत ध्रुवित असतो. ही भिंगे तो अडवतात. ध्रुवक पटलासाठी एडविन लँड यांनी १९२९ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. या भिंगांतून काही एलसीडी पडदे काळे किंवा अंधुक दिसतात, त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या वाहनाचा डॅशबोर्ड व मोबाइल त्यांतून पाहून घेणे उपयुक्त ठरते.

फोटोक्रोमिक भिंगे : ही प्रामुख्याने अतिनील किरणांमुळे गडद होतात. मोटारीची समोरची काच हे किरण बहुतांशी अडवत असल्याने नेहमीची फोटोक्रोमिक भिंगे मोटारीत फारशी गडद होत नाहीत. कडक उष्म्यातही त्यांची गडदता कमी राहते. दुचाकीवर उघड्या उन्हात मात्र ती अधिक उपयोगी पडतात.

पिवळी भिंगे : रात्री वाहन चालवण्यासाठी म्हणून ही विकली जातात. २०१९ मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा चष्म्यांमुळे रात्री पादचारी ओळखण्याची क्षमता सुधारत असल्याचे आढळले नाही. कोणतेही रंगीत भिंग उपलब्ध प्रकाश घटवतेच.

फ्रेम

रुंद दांड्यांमुळे बाजूची दृष्टी अडते व शेजारून येणारे वाहन उशिरा दिसते. हेल्मेटखाली बारीक, सरळ व लवचीक दांड्या सोयीच्या असतात. रंगीत व्हायझर असलेल्या हेल्मेटमध्ये गॉगलही लावल्यास अंधार दुप्पट होतो. अधिक नंबर असलेल्यांना चेहऱ्यालगत वळणाऱ्या फ्रेममध्ये प्रतिमा विकृत दिसू शकते. त्यांच्यासाठी सपाट फ्रेममधील नंबरचा गॉगल किंवा चष्म्यावर अडकवण्याची रंगीत जोडकाच हे पर्याय आहेत. नंबरवर अवलंबून असलेल्या चालकाने वाहनात जादा चष्मा ठेवणे हिताचे असते. मात्र उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर ठेवल्यास भिंगांवरील लेपाला तडे जाऊ शकतात.

हे सुद्धा पहा

चष्मा
भिंग
ऱ्हस्वदृष्टी
मोतीबिंदू
प्रकाशाचे ध्रुवण